वनौषधिचिकित्सा, ब्रिटनमधील

वनौषधिचिकित्सा, ब्रिटनमधील : वनस्पतींची मुळे, साल, पाने, फुले, फळे, बिया किंवा संपूर्ण वनस्पती यांपासून तयार केलेली औषधे वापरून रोगनिवारण व आरोग्यरक्षण करण्याच्या पद्धतीला वनौषधिचिकित्सा म्हणतात. सर्व प्राचीन संस्कृतींत या ना त्या स्वरूपात ही चिकित्सा आढळते. भारतात तिला आयुर्वेद, सिद्ध व युनानी या शास्त्रांची सैद्धांतिक बैठक लाभली, तर यूरोपात ग्रीक-रोमन वैद्यक, मठांतील औषधी बागा व ग्रामीण लोकपरंपरा यांच्या संयोगातून तिचा विकास झाला. ब्रिटनमध्ये या चिकित्सेचा स्वतंत्र व्यवसाय एकोणिसाव्या शतकात उदयास आला. शारीर, शरीरक्रियाविज्ञान, विकृतिविज्ञान व औषधी वनस्पती यांचे शिक्षण घेऊन वनस्पतिज औषधांनी उपचार करणाऱ्या व्यक्तीस तेथे ‘मेडिकल हर्बलिस्ट’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत अशा व्यक्तीसाठी ‘वनौषधिचिकित्सक’ ही संज्ञा वापरली आहे. हा चिकित्सक नोंदणीकृत डॉक्टर नसतो. त्याच्या व्यवसायाला कायद्याने वाव दिलेला आहे. मात्र त्याच्या नामाभिधानाला कायद्याचे संरक्षण नाही. या विसंगतीमुळे चिकित्सकाची पात्रता पारखण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी रुग्णावरच येऊन पडते.

वनौषधी व शुद्ध द्रव्ये : आधुनिक औषधशास्त्रातील अनेक महत्त्वाची द्रव्ये मूळची वनस्पतिज आहेत. अफूपासून मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे करण्यात आले. सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन १८२० मध्ये पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मिळविले. विलो वृक्षाच्या सालीतील सॅलिसीन १८२८ मध्ये वेगळे झाले व त्या वर्गातील द्रव्यांवरील संशोधनातून पुढे ॲस्पिरीन हे औषध १८९९ मध्ये बाजारात आले. सर्पगंधेच्या मुळांचा अतिरिक्त रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृदयरोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकातील निबंधाद्वारे जगाच्या नजरेस आणला. त्यानंतर १९५२ मध्ये सर्पगंधेतील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले.

वनौषधिचिकित्सेची भूमिका मात्र एकच शुद्ध द्रव्य वेगळे काढून वापरण्याची नाही. वनस्पतीत अल्कलॉइडे, ग्लायकोसाइडे, टॅनिने, फ्लाव्होनॉइडे, बाष्पनशील तेले व श्लेष्मल द्रव्ये एकत्र असतात. ती परस्परांच्या क्रियेला पूरक ठरतात किंवा तिची तीव्रता कमी करतात आणि म्हणून संपूर्ण वनस्पतीचा अर्क वापरावा, असे या पद्धतीचे प्रतिपादन आहे. काही वनस्पतींच्या बाबतीत या मताला प्रायोगिक आधार मिळतो. पण तो सार्वत्रिक नियम म्हणून सिद्ध झालेला नाही. उलट ज्या वनस्पतींत औषधी मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असते, त्यांच्या बाबतीत शुद्ध द्रव्याची मोजून दिलेली मात्राच सुरक्षित ठरते.

या प्रश्नाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे फॉक्सग्लव्ह (लॅ. डिजिटालिस पुर्पुरिया) ही वनस्पती होय. श्रॉपशर परगण्यातील एक वृद्धा जलशोफावर (ऊतकांत पाणी साचून येणाऱ्या सुजेवर) एक घरगुती औषध देत असे व डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्णही त्याने बरे होत. या औषधाविषयी १७७५ मध्ये विल्यम विदरिंग (१७४१–९९) या डॉक्टरांचे मत विचारण्यात आले. त्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या; त्यांपैकी फॉक्सग्लव्ह हीच कार्यकारी असावी, हे विदरिंग यांनी ओळखले. त्यानंतर सु. दहा वर्षे त्यांनी आपल्या रुग्णांवरील परिणामांची पद्धतशीर नोंद ठेवली, पाने केव्हा तोडावीत व कशी वाळवावीत हे निश्चित केले आणि मळमळ, वांती व नाडी मंदावणे ही विषबाधेची लक्षणे दिसताच औषध थांबविण्याचा नियम सांगितला. त्यांचा ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकपरंपरेतील ज्ञान खरे असू शकते. पण त्यातील कोणता भाग खरा व किती मात्रेत हितकर, हे निरीक्षणानेच ठरते, ही गोष्ट या ग्रंथाने दाखवून दिली. या वर्गातील डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य १९३० मध्ये वेगळे करण्यात आले असून हृदयरोगात ते आजही वापरतात. फॉक्सग्लव्हची पाने मात्र वनौषधिचिकित्सक आता वापरत नाहीत.

इतिहास : इंग्लंडमधील वनौषधींविषयीचे जुने लिखित ज्ञान अँग्लो-सॅक्सन काळातील वैद्यकीय हस्तलिखितांत आढळते, ‘बाल्डचे लीचबुक’ या नावाने ओळखला जाणारा दहाव्या शतकातील संग्रह त्यांपैकी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात मुद्रणकलेच्या प्रसारामुळे वनस्पतिवर्णनाचे मोठे ग्रंथ इंग्रजीत निघाले. विल्यम टर्नर यांचा ग्रंथ १५५१ पासून भागशः व जॉन जेरार्ड यांचा १५९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच शतकात उपचार करण्याचा अधिकार कोणाला, हा वाद सुरू झाला. लंडनमध्ये वैद्यांचे राजमान्य महाविद्यालय १५१८ मध्ये स्थापन झाले व शल्यवैद्यांच्या संघाने परवाना नसलेल्या उपचारकांवर खटले भरण्यास सुरुवात केली. गरिबांना अल्प मोबदल्यात किंवा फुकट औषध देणाऱ्यांनाही त्याचा त्रास होऊ लागला. तेव्हा आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५४२-४३ मध्ये एक कायदा संमत झाला. औषधी वनस्पती व मुळे यांचे ज्ञान असणाऱ्या प्रजाजनांना बाह्य व्रण, सूज इत्यादींवर लेप देण्याची आणि मुतखडा, हिवताप यांसारख्या काही विकारांवर औषध पाजण्याची मुभा त्याने दिली. वनौषधिचिकित्सक आपल्या हक्काचा मूलाधार म्हणून या कायद्याचा आदराने उल्लेख करतात, तर विरोधकांनी त्याला ‘भोंदू वैद्यांची सनद’ असे नाव दिले.

सतराव्या शतकात निकोलस कल्पेपर (१६१६–५४) यांनी लंडनच्या वैद्यांचा लॅटिन औषधिकोश १६४९ मध्ये इंग्रजीत आणून तो सामान्य जनांना खुला केला व १६५२ मध्ये इंग्लंडमधील औषधी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महागड्या परदेशी औषधांऐवजी आपल्या परिसरातील वनस्पती वापराव्यात, हा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक वनस्पतीची सांगड त्यांनी एकेका ग्रहाशी घातली होती. त्यामुळे त्यांच्या ग्रंथात अनुभव व फलज्योतिष यांचे मिश्रण आढळते. असे असूनही या ग्रंथाच्या आवृत्त्या तीन शतकांहून अधिक काळ निघत राहिल्या.

व्यवसायाला आधुनिक रूप मिळण्यास अमेरिकेतील चळवळ कारणीभूत झाली. न्यू हँपशर येथील शेतकरी सॅम्युएल टॉमसन (१७६९–१८४३) यांनी लोबेलिया व तिखट मिरची यांवर आधारलेली उपचारपद्धती प्रसृत केली व १८१३ मध्ये तिचे एकस्वही मिळविले. रक्तमोक्षण व पाऱ्याची औषधे यांवर भर देणाऱ्या तत्कालीन वैद्यकाविरुद्धची ही प्रतिक्रिया होती. टॉमसन यांच्या पद्धतीचा प्रसार ब्रिटनमध्ये प्रामुख्याने ॲल्बर्ट कॉफिन यांनी केला. उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या शहरांत डॉक्टरांचे शुल्क परवडत नसलेल्या कामगारांमध्ये तिला मोठा पाठिंबा मिळाला. १८५८ च्या वैद्यकीय अधिनियमाने डॉक्टरांचा अधिकृत नोंदपट सुरू झाला. या नोंदपटाबाहेरच्या व्यक्तीला उपचार करण्यास त्याने बंदी केली नाही, मात्र नोंदणीकृत असल्याचा खोटा दावा करणे हा गुन्हा ठरविला. या पार्श्वभूमीवर १८६४ मध्ये वनौषधिचिकित्सकांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढे ती ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल हर्बलिस्ट्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या क्षेत्रातील व्यावसायिक संस्थांमध्ये ती जगातील सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

विसाव्या शतकात दोन्ही महायुद्धांमुळे औषधी वनस्पतींची आयात खंडित झाली व देशांतर्गत लागवडीला आणि संकलनाला उत्तेजन मिळाले. दुसऱ्या महायुद्धात क जीवनसत्त्वासाठी रानगुलाबाची फळे गोळा करण्याच्या कामात शाळकरी मुलेही सहभागी झाली होती. मॉड ग्रीव्ह यांचा हिल्डा लेयेल यांनी संपादिलेला वनौषधिकोश १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि कायद्याची पकडही या काळात घट्ट होत गेली. गुप्तरोगांवर डॉक्टरांखेरीज इतरांनी उपचार करण्यास १९१७ च्या अधिनियमाने प्रतिबंध केला व कर्करोगावरील उपचारांची जनतेत जाहिरात करण्यास १९३९ च्या अधिनियमाने मनाई केली. १९४१ च्या अधिनियमाने क्षय, मधुमेह, अपस्मार इ. रोगांवरील औषधांच्या जाहिरातींवर बंदी आणली. राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली. तिच्यात वनौषधिचिकित्सकांना स्थान मिळाले नाही. फुकट उपचार उपलब्ध झाल्याने त्यांच्याकडील रुग्णसंख्या रोडावली. १९७० नंतर मात्र नैसर्गिक उपचारांविषयी वाढलेल्या कुतूहलामुळे या व्यवसायाचे पुनरुज्जीवन झाले.

कायदेशीर स्थिती : थॅलिडोमाइड औषधामुळे घडलेल्या दुर्घटनेनंतर ब्रिटनने सर्व औषधांना परवाना सक्तीचा करणारा १९६८ चा औषध अधिनियम संमत केला. त्यातील बाराव्या कलमाने वनौषधिचिकित्सकांना एक महत्त्वाची सवलत दिली. रुग्णाला प्रत्यक्ष भेटून, स्वतः निर्णय घेऊन, आपल्याच जागेत तयार केलेले वनस्पतिज औषध त्या विशिष्ट रुग्णाला देण्यास परवान्याची गरज नाही, असे हे कलम सांगत होते. २०१२ च्या मानवी औषधे नियमावलीतही ही सवलत कायम ठेवण्यात आली. सल्लामसलतीला या व्यवसायात जे केंद्रस्थान आहे, ते केवळ परंपरेमुळे नसून कायद्यामुळेही आहे, हे यावरून दिसून येईल.

तीव्र क्रिया असणाऱ्या वनस्पतींसाठी वेगळे नियम आहेत. बेलाडोना, धोतरा, खुरासनी ओवा व एफेड्रा यांसारख्या वनस्पती दुकानात सर्रास विकता येत नाहीत. नियमांनी घालून दिलेल्या कमाल मात्रेच्या मर्यादेत व रुग्णाला तपासूनच चिकित्सकाला त्या देता येतात. भारतातही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘ई (१)’ अनुसूचीत बचनाग, धोतरा, बिब्बा इ. विषारी द्रव्यांची यादी असून ती असलेले पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. दोन्ही नियमांमागील तत्त्व एकच आहे.

दुकानात मिळणाऱ्या तयार वनौषधींसाठी यूरोपीय संघाने २००४ मध्ये एक निर्देश काढला व तो ३० एप्रिल २०११ पासून पूर्णतः अंमलात आला. त्यानुसार औषधाची गुणवत्ता व सुरक्षितता सिद्ध करावी लागते. परिणामकारकतेऐवजी किमान ३० वर्षांच्या (त्यांपैकी सामान्यतः १५ वर्षे यूरोपीय संघातील) पारंपरिक वापराचा पुरावा ग्राह्य धरतात. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही ही नोंदणी पद्धती तेथे चालू राहिली. वेष्टनावरील नोंदणीचिन्ह म्हणजे औषध गुणकारी असल्याचे प्रमाणपत्र होय, असा समज ग्राहकांत आढळतो. तो बरोबर नाही.

चिकित्सकांच्या नियमनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या विज्ञान व तंत्रविद्या समितीने २००० साली वनौषधिचिकित्सकांचा वैधानिक नोंदपट असावा, अशी शिफारस केली. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तसा मनोदयही जाहीर केला. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड वॉकर यांच्या अहवालाने, उपचारांच्या परिणामकारकतेचा भक्कम पुरावा नसताना वैधानिक नियमन योग्य ठरणार नाही, असे मत दिले व तो विचार मागे पडला. परिणामी ब्रिटनमध्ये कोणीही स्वतःला वनौषधिचिकित्सक म्हणवून घेऊ शकतो. या बाबतीत महाराष्ट्रातील स्थिती अगदी वेगळी आहे. येथे आयुर्वेदाची पदवी साडेपाच वर्षांची (एक वर्षाच्या आंतरवासितेसह) असून १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियमाखाली नोंदणी केल्याखेरीज वैद्याला व्यवसाय करता येत नाही [→ आयुर्वेद]. तथापि ही पदवी घेऊन ब्रिटनमध्ये गेलेल्या वैद्याला तेथे डॉक्टर म्हणून मान्यता मिळत नाही. वर उल्लेखिलेल्या सवलतीच्या चौकटीत, म्हणजे केवळ वनस्पतिज औषधांपुरताच त्याला व्यवसाय करता येतो. ही सवलत खनिज द्रव्ये असलेल्या रसौषधींना लागू होत नाही. शिसे, पारा व आर्सेनिक यांचे प्रमाण जास्त असलेल्या आयात औषधांविषयी तेथील औषध नियंत्रण संस्थेने वेळोवेळी इशारे दिले आहेत.

शिक्षण व पात्रता : वैधानिक नोंदपटाच्या अभावी व्यावसायिक संस्थांचे सदस्यत्व हीच पात्रतेची मुख्य खूण ठरते. अशा संस्था मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांनाच सदस्य करून घेतात. या अभ्यासक्रमात शारीर, शरीरक्रियाविज्ञान, विकृतिविज्ञान, रोगनिदान, वनस्पतिविज्ञान, वनस्पतिरसायनशास्त्र, औषधिकल्पना, आहारशास्त्र व व्यावसायिक नीतिनियम यांचा समावेश असतो आणि सामान्यतः किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष रुग्णालयीन किंवा चिकित्सालयीन प्रशिक्षण आवश्यक असते. पदवी पातळीवरील पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम मिडलसेक्स विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू झाला. पुढे अनेक विद्यापीठांनी असे अभ्यासक्रम बंद केल्यामुळे हे शिक्षण बव्हंशी खाजगी संस्थांकडे गेले आहे. सदस्याने व्यावसायिक विमा उतरविलेला असणे, सातत्याने ज्ञान अद्ययावत ठेवणे व आचारसंहिता पाळणे बंधनकारक असते. तिचा भंग झाल्यास सदस्यत्व रद्द होऊ शकते. मात्र सदस्यत्व गेलेल्या व्यक्तीला व्यवसाय करण्यापासून संस्था रोखू शकत नाही.

सल्लामसलतीची पद्धती : पहिल्या भेटीस साधारणपणे एक ते दीड तास लागतो. रुग्णाची मुख्य तक्रार, तिचा आरंभ व क्रम, पूर्वी झालेले आजार व शस्त्रक्रिया, कुटुंबातील रोग, आहार, झोप, मलमूत्रविसर्जन, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी व गर्भारपण, व्यवसाय आणि मानसिक ताण यांविषयी सविस्तर विचारणा करण्यात येते. चालू असलेली सर्व औषधे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या व घरगुती काढे यांची नोंद घेणे हा या विचारणेचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. त्यानंतर नाडी, रक्तदाब, जीभ, त्वचा व आवश्यकतेनुसार उदर, छाती किंवा सांधे यांची तपासणी करतात. रोगाचे नाव तेच असले, तरी दोन रुग्णांना एकच औषध मिळेल असे नाही. प्रकृती व सहविकार पाहून चार-सहा वनस्पतींचे मिश्रण ठरविले जाते. या बाबतीत ही पद्धती आयुर्वेदीय वैद्याच्या विचारसरणीशी जुळती आहे. त्रिदोषांची संकल्पना मात्र तिच्यात नाही.

औषधे बहुधा टिंक्चरच्या स्वरूपात देतात. वाळलेली वनस्पती तिच्या पाचपट पाणीमिश्रित मद्यार्कात काही दिवस भिजवून व गाळून टिंक्चर तयार करतात. मद्यार्काचे प्रमाण विद्राव्य घटकांनुसार साधारणतः २५ ते ६० टक्के किंवा अधिक ठेवतात. मिश्रणाची मात्रा सामान्यपणे ५ मिलि. असून ती पाण्यातून दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावयाची असते. फुले व कोवळी पाने यांचा फांट, तर मुळे व साली यांचा काढा करतात. यांशिवाय चूर्ण, मलम, तेल व पोटीस हे प्रकारही वापरात आहेत. मद्य वर्ज्य असणाऱ्यांना व लहान मुलांना इतर कल्प दिले जातात. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा भेट ठरवून परिणाम पाहतात व मिश्रणात बदल करतात. सल्ला व औषध या दोहोंचा खर्च रुग्णालाच सोसावा लागतो.

डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांच्या संमतीशिवाय कमी न करणे किंवा न थांबविणे, रुग्णाच्या परवानगीने डॉक्टरांना उपचारांची माहिती कळविणे व धोक्याची लक्षणे आढळल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयाकडे पाठविणे, ही पात्र चिकित्सकाची कर्तव्ये मानली जातात. छातीत दुखणे, अकारण वजन घटणे, मलातून किंवा थुंकीतून रक्त जाणे, नव्याने आलेली गाठ, अवयव लुळा पडणे इ. लक्षणे वनौषधींनी दडपण्याची नसतात. अशा प्रसंगी वनस्पतीमुळे अपाय झाला नाही, तरी गेलेला वेळ परत मिळत नाही.

परिणामकारकतेचा पुरावा : काही वनौषधींच्या चिकित्सालयीन चाचण्या पुरेशा प्रमाणात झालेल्या आहेत. सेंट जॉन्स वर्ट (लॅ. हायपेरिकम परफोरेटम) ही वनस्पती सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या अवसादात निष्क्रिय औषधापेक्षा अधिक गुणकारी व प्रचलित औषधांइतकीच परिणामकारक असल्याचा निष्कर्ष २००८ मधील कॉक्रेन समीक्षेत काढण्यात आला. सोनामुखीचा रेचक गुण निर्विवाद आहे. पेपरमिंटचे तेल क्षोभी आतड्याच्या विकारात व आले मळमळीवर उपयुक्त असल्याचा बराच पुरावा आहे. व्हॅलेरियन (निद्रानाश) व एकिनेशिया (सर्दी) यांविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. अनेक वनस्पतींच्या बाबतीत दीर्घ परंपरेपलीकडे पुरावा उपलब्ध नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न प्रत्येक रुग्णासाठी वेगळे मिश्रण देण्याच्या पद्धतीचा आहे. एकेका वनस्पतीवरील चाचण्यांचे निष्कर्ष मिश्रणाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. २००७ मध्ये एक्सेटर येथील संशोधकांनी केलेल्या समीक्षेत व्यक्तिगत मिश्रणांच्या अगदी मोजक्या नियंत्रित चाचण्या आढळल्या व त्यांतून या पद्धतीला खात्रीलायक पाठिंबा मिळाला नाही. दीर्घ संभाषण, आहारातील बदल व चिकित्सकाविषयीचा विश्वास यांमुळेही रुग्णाला बरे वाटते. त्यातील वनस्पतीचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. जुनाट व मंद गतीच्या विकारांत रुग्णांना मिळणारे समाधान ही मात्र नाकारता न येण्याजोगी गोष्ट आहे.

धोके व दक्षता : वनस्पती नैसर्गिक असल्यामुळे निरुपद्रवी असते, हा समज धोक्याचा आहे. ‘झाडपाल्याच्या औषधाने गुण आला नाही, तरी अपाय होत नाही’ हे महाराष्ट्रात नेहमी ऐकू येणारे मतही त्याच प्रकारचे होय. या औषधांपासून संभवणारे धोके पुढील प्रकारचे आहेत.

(१) अन्य औषधांशी आंतरक्रिया : सेंट जॉन्स वर्टमुळे यकृतातील काही एंझाइमांची क्रिया वाढते व त्यामुळे अन्य औषधांचा शरीरातून निचरा जलद होतो. झुरिक येथे या वनस्पतीचे सेवन करणाऱ्या दोन हृदयप्रतिरोपित रुग्णांत सायक्लोस्पोरीन या औषधाची रक्तातील पातळी घसरली व शरीराने नवे हृदय नाकारण्यास सुरुवात केली, असे २००० साली प्रसिद्ध झाले. वॉरफॅरीन, डिगॉक्सिन, गर्भनिरोधक गोळ्या व एचआयव्हीवरील काही औषधे यांवरही तिचा असाच परिणाम होतो. ज्येष्ठमधाच्या दीर्घकाळ व अधिक मात्रेतील सेवनाने शरीरात सोडियम साचते, पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो.

(२) अंगभूत विषारीपणा : कॉम्फ्री वनस्पतीतील पायरोलिझिडीन अल्कलॉइडांमुळे यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते, म्हणून ती पोटात देणे टाळतात. पॅसिफिक बेटांतील कावा या वनस्पतीमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटनांनंतर २००३ मध्ये ब्रिटनने तिच्या औषधी वापरास बंदी केली.

(३) चुकीची ओळख : ब्रुसेल्समधील वजन घटविण्याच्या एका उपचारात स्टेफॅनिया या चिनी वनस्पतीऐवजी उच्चारसादृश्य असलेल्या चिनी नावाची ॲरिस्टोलोकिया वापरली गेली. परिणामी शंभराहून अधिक स्त्रियांची वृक्के (मूत्रपिंडे) निकामी झाली व पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ मध्ये हा प्रकार उघडकीस आला. ब्रिटनमध्ये दोन रुग्णांत असाच विकार आढळल्यावर १९९९ मध्ये ॲरिस्टोलोकियावर बंदी घालण्यात आली. फॉक्सग्लव्हची कोवळी पाने कॉम्फ्रीची समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या घटनाही नोंदविलेल्या आहेत. म्हणून कच्च्या मालाची सूक्ष्मदर्शकाने व वर्णलेखनाने ओळख पटविणे आवश्यक असते.

(४) भेसळ : संधिवात, इसब किंवा मधुमेह यांवरील ‘शुद्ध वनस्पतिज’ म्हणून विकल्या गेलेल्या काही औषधांत स्टेरॉइडे व अन्य कृत्रिम औषधे आढळली आहेत. जुनाट विकारात आश्चर्यकारक जलद गुण येणे हे अशा भेसळीचे लक्षण असू शकते.

गर्भवती व स्तनदा माता, बालके, वृद्ध, यकृत व वृक्क यांचे विकार असणारे रुग्ण आणि शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रुग्ण यांनी विशेष काळजी घ्यावी लागते. औषधामुळे झालेला अपाय ब्रिटनमध्ये १९६४ पासून चालू असलेल्या ‘पिवळे कार्ड’ योजनेखाली नोंदविता येतो व वनौषधींचाही त्या योजनेत समावेश आहे.

चिकित्सकाची निवड करताना त्याचे शिक्षण, व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व व विमा यांची चौकशी करावी. संस्थेच्या प्रसिद्ध सूचीत त्याचे नाव पडताळून पाहता येते. औषधातील वनस्पतींची नावे व मात्रा लेखी मागून घ्याव्यात. रुग्णाला न तपासता औषध देणारा, घटक गुप्त ठेवणारा, खात्रीने बरे करण्याचे आश्वासन देणारा किंवा डॉक्टरांचे औषध बंद करावयास सांगणारा चिकित्सक पात्र समजू नये. त्याचप्रमाणे आपण घेत असलेली वनौषधी डॉक्टरांपासून लपवू नये. पुष्कळ रुग्ण संकोचामुळे किंवा ते ‘औषधच नव्हे’ अशा समजुतीने ही माहिती देत नाहीत व टाळता येण्याजोगे अपाय त्यातूनच घडतात. वनस्पतीचे गुणधर्म, मात्रा व रुग्णाची स्थिती या तिन्हींचे ज्ञान ज्याला आहे, त्याच्याच हाती वनौषधी हितकारक ठरते.

[→ आयुर्वेद, औषधिकोश, औषधी वनस्पती, डिजिटालिस, सर्पगंधा].